सोळा विरुद्ध दश्शी

तुमच्या हातात सोळा आहेत आणि समोर डीलरची दश्शी उघडी पडली आहे. आणखी एक पत्ता घ्यायचा की थांबायचं? ऑनलाइन ब्लॅकजॅक शिकवणारा प्रत्येक तक्ता आणि प्रत्येक व्हिडिओ याचं उत्तर छातीठोकपणे देतो: पत्ता घ्या. उत्तर बरोबर आहे. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, हे उत्तर मी स्वतः कागदावर मांडून तपासलं आहे. पण त्याच्या जोडीला एक गोष्ट सांगायला हवी आणि ती हे लोक गिळून टाकतात. थांबलात तर शंभरातले सुमारे ७७ डाव हरता, म्हणजे लावलेल्या डॉलरमागे सरासरी ५४ सेंट जातात. पत्ता घेतलात तरी जवळपास ५४ सेंटच जातात. दोन्हींतला फरक फार तर अर्ध्या सेंटचा. या अर्ध्या सेंटला 'योग्य निर्णय' म्हणतात, आणि उरलेल्या साडेत्रेपन्न सेंटांबद्दल कोणी बोलत नाही.

हिशेब डॉलरमध्ये करतोय, कारण माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहेत, त्यामुळे त्याने गुन्हा केलेला नाही. तो फोनवर ब्लॅकजॅक खेळतो आणि मनापासून शिकून खेळतो. हिरव्या, लाल, पिवळ्या चौकोनांचा तक्ता त्याने छापून टेबलासमोर चिकटवला आहे. एका रविवारी सकाळी फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. म्हणाला, "मामा, सरावाच्या ॲपवर माझे ९८ टक्के निर्णय बरोबर येतात." आवाजात बारावीच्या निकालाचा आनंद होता. मी विचारलं, "आणि पैसे किती गेले रे?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ते व्हेरियन्स आहे, मामा. तुम्हाला मी काय सांगू."

व्हेरियन्स, म्हणजे नशिबाचा हेलकावा. माझ्या शास्त्रातला शब्द. खडू हातात धरून हजारो पोरांना मी तो समजावून दिला आणि माझ्याच बहिणीच्या मुलाने तो बुडत्या पैशांवर पांघरूण म्हणून ओढला. त्या दिवशी आलेला राग अजून उतरलेला नाही. हा राग भाच्यावर नाही.

त्या तक्त्यावरही नाही. तक्ता खरा आहे, आणि ज्यांनी तो काढला त्यांच्यापुढे मी हात जोडतो. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे मेरीलँडमधल्या ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर कामाला होते. संगणक नाही, हाताशी फक्त टेबलावरची आकडेमोडीची यंत्रं. त्यांवर त्यांनी प्रत्येक हात आणि डीलरचा प्रत्येक उघडा पत्ता घेऊन हिशेब केला: घेतलं तर सरासरी काय मिळतं, थांबलं तर काय, दुप्पट लावलं तर काय, जोडी फोडली तर काय. १९५६ साली हे काम अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. तिथे त्यांनी 'इष्टतम' हा शब्द वापरला तो शास्त्राच्या अर्थाने. दिलेल्या नियमांत जे सर्वांत बरं, ते इष्टतम. सर्वांत बरं म्हणजे फायद्याचं, असं त्या शब्दात कुठेही नाही. खेळाडू शेवटी किंचित तोट्यातच राहतो, हे त्यांच्या स्वतःच्या हिशेबातही निघालं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

हा तोटा कुठून येतो, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी फसवाफसवी उघडी पडेल. डीलर नियमाने बांधलेला असतो. सतरा होईपर्यंत त्याने पत्ते घ्यायचेच, सतरा झाले की थांबायचं. त्याला निर्णय नाही. तरीही तो पुढे असतो, कारण तुमची पाळी आधी येते. तुम्ही एकवीसच्या वर गेलात की पैसे तिथेच गेले. नंतर डीलरही वर गेला तरी ते परत मिळत नाहीत. तुम्ही हुबेहूब डीलरसारखं खेळलात तर शंभर डॉलरमागे साडेपाच डॉलरच्या आसपास हरता, आणि ते बहुतेक या एकाच कारणाने. तक्ता यातला मोठा भाग परत मिळवून देतो. डीलरकडे चौकी, पंजी किंवा छक्की दिसत असेल तर बारावर थांबा, कारण तोच वर जाण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या घरात आहे. दुर्री किंवा तिर्री असेल तर मात्र बारावर एक पत्ता घ्या. अकरावर दुप्पट लावा. अठ्ठ्या आणि एक्के फोडा. पंज्यांची जोडी कधी फोडू नका, तिला दहा समजून खेळा. दोन दश्श्या आल्या तर हात लावू नका. एक्का आणि सत्ती मिळून अठरा झाले आणि समोर नव्वी, दश्शी किंवा एक्का असेल तर अठरावर समाधान मानू नका, आणखी एक घ्या. नवख्यांना हे शेवटचं अजिबात पटत नाही, पण ते बरोबर आहे.

हे सगळं पाठ केलं आणि टेबलाचे नियम चांगले असले, तर शंभर डॉलरमागचा तोटा अर्ध्या डॉलरवर येतो. तो शून्यावर येत नाही आणि शून्याच्या पलीकडे तर मुळीच जात नाही. चौघांच्या कष्टाचं हे फळ प्रामाणिक आहे. त्यावर 'जिंकण्याचं तंत्र' अशी चिठ्ठी डकवणारा माणूस खोटारडा आहे, हे मी कुठल्याही आडपडद्याशिवाय म्हणतो.

आता कोणीतरी एडवर्ड थॉर्प यांचं नाव घेईल. नेहमी घेतात. एमआयटीतल्या या गणितज्ञाने आयबीएम ७०४ संगणकावर हे काम पुढे नेलं आणि १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिलं. ते नेवाडात जाऊन जिंकून आले, हेही खरं. पण ते तक्त्याने जिंकले नाहीत. वाटून झालेले पत्ते लक्षात ठेवायचे, उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या-एक्के जास्त राहिले की बोली वाढवायची, एरवी कमी लावायचं, हे त्यांचं खरं शस्त्र. आणि ते शस्त्र फोनवर चालत नाही. संगणकाच्या टेबलावर प्रत्येक डावाआधी अख्खे पत्ते नव्याने पिसले जातात. मागच्या डावात काय गेलं याला तिथे कवडीची किंमत नाही. कॅमेऱ्यासमोर खरी बाई खरे पत्ते वाटते त्या टेबलावर बहुधा आठ कॅट एकत्र असतात आणि जवळपास निम्मे पत्ते वाटण्याआधीच पुन्हा पिसायला घेतात. थॉर्प ज्या दाराने आत शिरले ते दार ऑनलाइनवाल्यांनी बुजवून टाकलं आहे. त्या बुजवलेल्या दारावर थॉर्प यांचं नाव लावून गिऱ्हाईक बोलावणं ही लबाडी आहे.

या गोष्टीचं एक प्रकरण कोणी सांगत नाही. पुस्तकाने घाबरून १९६४ साली लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम आवळले. दुप्पट लावण्यावर आणि जोड्या फोडण्यावर बंधनं घातली. गिऱ्हाईक टेबलावरून उठलं, आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आणावे लागले. तेवढ्या दिवसांत कॅसिनोवाले एक धडा शिकले. पुस्तक वाचून येणाऱ्या शंभरांपैकी फार थोड्यांना ते नीट जमतं, बाकीचे फक्त आत्मविश्वास घेऊन येतात आणि जास्त वेळ बसतात. आज अमेरिकेतल्या कॅसिनोंच्या दुकानात हाच तक्ता खिशात मावेल अशा कार्डावर छापून विकायला ठेवलेला असतो आणि टेबलावर बघून खेळायलाही सहसा कोणी हरकत घेत नाही. दुकानदार स्वतःच्या गल्ल्याची किल्ली गिऱ्हाइकाला विकत नसतो. एवढी साधी शंका माझ्या हुशार भाच्याला आली नाही, कारण त्याला 'निर्णय' या शब्दाने भुलवलं होतं.

मग एका संध्याकाळी मी त्याच्याबरोबर स्क्रीन उघडून बसलो आणि घड्याळ लावलं. तो मिनिटाला पाच डाव खेळत होता. पत्ते वाटायला माणूस नाही, चिप्स मोजायच्या नाहीत, शेजारच्याची वाट बघायची नाही. अंगठा खाली, डाव संपला, 'पुन्हा तीच बोली' या बटणावर अंगठा, पुढचा डाव. तासाला तीनशे. न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत, भरलेल्या टेबलावर तासाला साठेक डाव होतात.

आता हा गुणाकार करा. तक्ता कधी बघितलेला नाही, मनाला येईल तसं खेळतो आणि शंभरामागे दोन डॉलर हरतो, असा एक माणूस घ्या. तो अटलांटिक सिटीला जाऊन दहा-दहा डॉलर लावत तासाला साठ डाव खेळला तर सहाशे डॉलर फिरवतो आणि सरासरी बारा डॉलर गमावतो. माझा भाचा तक्ता कोळून प्यालेला, शंभरामागे अर्धाच डॉलर हरणारा. तो त्याच दहा डॉलरच्या बोलीने तासाला तीनशे डाव खेळतो, तीन हजार डॉलर फिरवतो आणि सरासरी पंधरा डॉलर गमावतो. शिकलेला माणूस अडाण्यापेक्षा जास्त हरला. शिवाय अडाण्याला गाडी काढून समुद्रापर्यंत जावं लागतं. भाच्याचा कॅसिनो उशाशी असतो. चौघा गणितज्ञांनी जे वाचवलं ते सगळं त्या एका 'पुन्हा तीच बोली'च्या बटणाने परत काढून घेतलं आणि वर तीन डॉलर जास्त घेतले.

आणि हे चांगल्या टेबलावरचं झालं. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला की दहा डॉलरवर पंधरा मिळायला हवेत. हल्ली पुष्कळ टेबलांवर बारा देतात. हा नियम बारीक अक्षरात 'सहास पाच' असा लिहिलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो. तसा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तासाला तीनशे डाव धरले तर या एका ओळीने भाच्याच्या खिशातून आणखी चाळीस डॉलर काढले. तक्त्यावरचे सगळे हिरवे-लाल चौकोन अचूक पाळूनही हा तोटा भरून निघत नाही, कारण तो निर्णयातून आलेलाच नाही. टेबल कोणतं निवडलं त्यातून आला आहे. तक्त्यात त्याला चौकोन नाही.

डीलरचा एक्का उघडला की पडद्यावर 'इन्शुरन्स' झळकतो. विमा! आपल्या घरात विम्याला केवढा मान आहे. बापाने पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरलेले आपण पाहिले आहेत. तो पवित्र शब्द या लोकांनी उचलून एका भिकार बोलीला चिकटवला. सहा कॅटचे ३१२ पत्ते, उघडा एक्का सोडला तर ३११. त्यांत चित्रं धरून दहाचे ९६. पत्ता दहाचा निघाला तर दुप्पट मिळतात, उरलेल्या २१५ वेळा बोली जाते. म्हणजे शंभरामागे सात डॉलरहून जास्त तोटा. यात कसलंही संरक्षण नाही. डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा आहे यावर लावलेली ती निराळी पैज आहे. 'जोडी लागली तर पंचवीस पट' अशा ज्या बाजूच्या बोल्या चमचमत असतात, त्यांची गत अशीच. मूळ खेळात दीड टक्का वाचवायचा आणि बाजूच्या बोलीत त्याच्या कितीतरी पट ओतायचा, हे मी भाच्याच्या पडद्यावर बघितलं. तो म्हणाला, "ती फक्त गंमत म्हणून." त्या गमतीचा दर त्याने एकदाही मोजला नव्हता.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप पैशांचा नाही. तक्ता नसलेला माणूस हरतो तेव्हा त्याला वाटतं, आपण चुकलो. लाज वाटते, उठावंसं वाटतं. ती लाज म्हणजे घरातली शेवटची घंटा असते. तक्ता हाती देऊन या लोकांनी ती घंटाच काढून घेतली. आता हरणारा म्हणतो, मी कुठे चुकलो? माझे निर्णय अचूक होते. म्हणून तो बसून राहतो. चूक असती तर सुधारली असती. अचूक माणसाने काय सुधारायचं?

आणि आकडे त्याला लवकर जागं करत नाहीत, हे मला संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून जास्त छळतं. तीनशे डावांत सरासरी तोटा दीड बोलीचा. पण त्याच तीनशे डावांत नशिबाचा हेलकावा वीस बोल्यांचा असतो, म्हणजे भाच्याच्या हिशेबात दोनशे डॉलर, कधी वर, कधी खाली. पंधरा डॉलरची गळती दोनशेच्या लाटेत दिसणार कशी? दहा हजार डाव झाले, म्हणजे रोज तासभर धरला तर महिना उलटून गेला, तरी तक्त्याने खेळणाऱ्या दर तिघांतला एक जण पुढेच असतो. हाच एक जण बोलतो. हाच व्हिडिओ काढतो, हाच लग्नकार्यात भेटल्यावर खांद्यावर हात टाकून "काही नाही रे, शिस्त लागते" असं सांगतो. मागे पडलेले दोघे गप्प बसतात. एक लाख डावांनंतर शंभरातले आठ-नऊ पुढे उरतात. तोवर वर्ष लोटलेलं असतं आणि दिलेला सल्ला कोणी आठवत नाही.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. तिथे मटक्याचे चार्ट वाचणारी माणसं मी जवळून बघितली. गिरणीची पाळी सुटल्यावर पायरीवर बसून जुन्या आकड्यांच्या वह्या चाळायचे, ओपन-क्लोजची 'लाईन' शोधायचे. दहा आकड्यांतला एक लागणार आणि लागला तर रुपयाला नऊ मिळणार, हे त्यांना पाठ होतं. तरी वही सुटत नव्हती. त्या वह्यांत काही नव्हतं, निव्वळ कचरा होता. भाच्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात खरं गणित आहे. पण पायरीवरची ती वाकलेली मान आणि एडिसनच्या खोलीतली वाकलेली मान मला सारखीच दिसली. उलट खरं गणित जास्त घातक ठरतं, कारण लालबागच्या माणसाला बायको तरी बजावून सांगू शकत होती की हे थोतांड आहे. भाच्याच्या बायकोला तेही म्हणता येत नाही. तक्ता खरा आहे ना!

आपल्याकडे नळाची गोष्ट सांगतात. राज्य घालवून बसलेल्या नळाला ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगून दाखवली, अक्षहृदय शिकवलं, आणि मग नळाने पुष्कराकडून सगळं परत जिंकलं. आजचे क्लासवाले आपला तक्ता अक्षहृदय म्हणून विकतात. गोष्ट नीट वाचली असती तर त्यांना दिसलं असतं की विद्या हाती आल्यावर नळ शंभर डाव खेळत बसला नाही. एकच पण लावला आणि उठला. १९६५ साली लेस्टर डुबिन्स आणि लेनर्ड सॅव्हेज या गणितज्ञांनी पुस्तकभर हेच मांडलं: खेळ तुमच्या विरुद्ध असेल तर छोट्या छोट्या बोल्यांनी रेंगाळत राहणं सर्वांत वाईट. आणि ऑनलाइन टेबलाची सगळी बांधणी माणसाला रेंगाळत ठेवण्यासाठीच झालेली आहे.

"पण हा कौशल्याचा खेळ आहे," असं म्हणणारे आपल्याकडेही आहेत. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य लागतं असं म्हटलं, तेव्हापासून पैसे लावायच्या प्रत्येक खेळाला त्या निकालाची शाल पांघरायचा उद्योग चालू होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्या कायद्यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला फक्त कौशल्याच्या दाव्याबद्दल बोलायचं आहे. ब्लॅकजॅकमध्ये कौशल्य आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. ते किती आहे तेही वर सांगितलं: शंभरामागचा दोन डॉलरचा तोटा अर्ध्या डॉलरवर आणण्याइतकं. जे कौशल्य संपूर्ण आत्मसात केलं तरी माणूस तोट्यातच राहतो, त्याच्या जोरावर तरुण पोरांना 'कमाई' हा शब्द ऐकवणाऱ्याला मी शिक्षक मानत नाही. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पुण्या-कोल्हापूरहून गाड्या भरून जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, आणि ते मला शहाणपणा शिकवू नका म्हणतात.

'रँडम पत्त्यांची तपासणी झालेली आहे' असं प्रमाणपत्र दाखवून भाच्याने माझं तोंड बंद करायचा एकदा प्रयत्न केला. तपासणी खरी असेल. त्याचा अर्थ पत्ते नीट पिसले जातात एवढाच. नीट पिसलेल्या पत्त्यांनीच तर हा अर्धा टक्का जातो. चोरी करायची त्यांना गरजच नाही.

गेल्या दिवाळीत त्याने वर्षभराच्या सगळ्या डावांची नोंद काढून मला पाठवली. मी मांडून बसलो. चुका फार थोड्या होत्या, खरोखर हुशारीने खेळला होता. फिरवलेली रक्कम बघितल्यावर मी चष्मा काढून ठेवला. मी त्याला फक्त ती रक्कम आणि तिचा अर्धा टक्का एका कागदावर लिहून फोटो पाठवला. बाजूच्या बोल्यांचा तोटा खाली वेगळा लिहिला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीचा फोन आला, त्याने स्वतःचं नाव न्यू जर्सीच्या स्वेच्छा-बंदीच्या यादीत घातलं होतं. त्या यादीत एक वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी नाव घालता येतं. मी त्याला पाच सांगितलं होतं. त्याने एक निवडलं.